'आर्चर' कार्टूनमधल्या बंदुका : आवाज, मोजदाद आणि भरकटलेल्या गोळ्या

'आर्चर' नावाची एक अमेरिकन अ‍ॅनिमेटेड कॉमेडी सिरीज आहे, अ‍ॅडम रीड नावाच्या लेखकाची, २००९ ला एफएक्स चॅनेलवर सुरू झाली आणि १४ सीझन करून २०२३ ला संपली. कार्टून दिसलं की आपल्याकडे रिमोट सरळ पोरांच्या हातात जातो, तर तसं इथे अजिबात करू नका, ही पूर्ण मोठ्यांची सिरीज आहे, दारू, शिव्या, रक्त सगळं भरपूर. हिरो स्टर्लिंग आर्चर, गुप्तहेर, देखणा, माजोरडा, आईनेच चालवलेल्या हेरगिरीच्या एजन्सीत नोकरीला. सोबत लाना केन, जी खरंतर त्याच्यापेक्षा जास्त जबाबदारीने काम करते, आणि ऑफिसातली बाकी अफाट मंडळी.

मला या सिरीजवर लिहायचंय ते तिच्यातल्या बंदुकांमुळे. गंभीर चेहऱ्याने काढलेल्या अ‍ॅक्शन पिक्चरमध्ये बंदूक म्हणजे नुसतं धाड धाड, गोळ्या संपत नाहीत, कान दुखत नाहीत, मधे उभ्या माणसाला काही होत नाही. आणि हे कार्टून, जे लोकांना हसवायला काढलंय, तिथे मात्र गोळी सुटली की तिचा आवाज कुणाच्यातरी कानात शिरतो, ती कुठेतरी जाऊन लागते आणि मॅगझिनमधून, म्हणजे बंदुकीतल्या गोळ्यांच्या डबीतून, एक कमी होते. या तीनच गोष्टी धरून बसले असते तरी पुष्कळ होतं. मला ही सिरीज फार आवडते ती यासाठीच, आणि तिच्या निमित्ताने बंदूक हे यंत्र नेमकं काय करतं ते सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक छोटी गोष्ट क्लिअर करू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते असतं काडतूस, त्यात पितळेची नळी, बुडाला प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, आत बंदुकीची दारू आणि तोंडाला बसवलेली खरी गोळी म्हणजे बुलेट. ट्रिगर ओढला की पिन प्रायमरवर आपटते, दारू पेटते, तिचा प्रचंड दाबाचा गॅस होतो आणि तो गॅस बुलेटला नळीतून ढकलून बाहेर काढतो. पितळेची रिकामी केस बाजूला उडते. (आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला जी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे तिथे सैन्यासाठी हीच काडतुसं बनतात, भुसावळकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही.)

आता आवाज. आर्चर बघणाऱ्या कुठल्याही माणसाला 'मॉप' हा शब्द विचारा, तो लगेच हसेल. कानाजवळ गोळी सुटली किंवा स्फोट झाला की आर्चरला काही ऐकूच येत नाही, नुसती सूंऽऽ अशी शिट्टी, आणि मग तो आपल्याला ऐकू येतंय का हे बघायला स्वतःच 'मॉप... मॉप...' असं ओरडत बसतो. समोरचा काहीतरी महत्त्वाचं सांगतोय आणि याचं मॉप चालू. हा विनोद सीझनमागून सीझन येतो, आणि त्याच्या मागचं शास्त्र अगदी खरं आहे, त्याला टिनिटस म्हणतात, कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणं.

हे होतं कसं ते बघा. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, कॉक्लिया, त्यात साधारण १५-१६ हजार केसासारख्या पेशी असतात. आवाजाची लाट आली की आतलं पाणी हलतं, या पेशी वाकतात आणि त्या वाकण्याचा विजेचा सिग्नल मेंदूकडे जातो. साधा आवाज असेल तर पेशी वाकून परत सरळ होतात. फार मोठा आवाज एकदम आदळला तर त्यातल्या काही मोडतात, मरतात. आणि माणसात त्या परत येत नाहीत, पक्ष्यांमध्ये येतात, कोंबडीचे कान सुधारतात पण आपले नाही. मग ज्या पट्ट्यातला आवाज मेंदूला मिळेनासा होतो तिथे मेंदू आपलाच व्हॉल्यूम वाढवायला जातो आणि आपल्याला जे बाहेर नाहीये ते ऐकू यायला लागतं. आर्चरची शिट्टी ती ही.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. हातातल्या पिस्तुलाचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी साधारण १५५ ते १६५ डेसिबलपर्यंत जातो. एका झटक्यात येणाऱ्या आवाजासाठी १४० च्या वर गेलं की कानाला कायमची इजा होऊ शकते असं धरतात, म्हणजे एक गोळीसुद्धा पुरते. आपल्याकडे दिवाळीच्या फटाक्यांना कायद्याने ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. अंतर वेगळं असल्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नका, पण डेसिबलचं माप असं आहे की दर १० ला ऊर्जा दहापट होते, म्हणजे १२५ वरून १५५ ला जाणं म्हणजे हजारपट. सुतळी बॉम्ब अगदी जवळ फुटल्यावर मिनिटभर जो कान सुन्न होतो ना, तो ज्याने अनुभवलाय त्याला आर्चरचा चेहरा बरोबर कळेल. आणि तशी शिट्टी एकदोन दिवसांत गेली नाही तर घरगुती तेलबिल न घालता सरळ कानाच्या डॉक्टरकडे जा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण माझ्या ओळखीत एकाने महिनाभर आज जाईल उद्या जाईल करत काढला आणि ती शिट्टी त्याच्या कानात आजही आहे.

कोणी म्हणेल कानाला स्वतःचं संरक्षण नसतं का, तर असतं, मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आवळतो आणि आवाज थोडा कमी आत जातो. पण त्याला आवळायला दहापासून शंभरेक मिलिसेकंद लागतात, आणि गोळीच्या आवाजाचा मुख्य तडाखा तेवढ्यात येऊन गेलेला असतो. म्हणून शूटिंग रेंजवर प्रत्येकाच्या कानावर मफ किंवा कानात प्लग असतातच, अगदी ऑलिंपिकवाल्या पॉइंट २२ च्या (म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या) छोट्या काडतुसालाही, कोल्हापूरचे आपले स्वप्निल कुसाळे ज्या प्रकारात २०२४ ला पॅरिसमधून ब्राँझ घेऊन आले तिथेही. आणि बंद खोलीत, गाडीत, लिफ्टमध्ये तर आवाज भिंतींवरून आपटून परत कानात येतो, त्यामुळे पिक्चरमध्ये गाडीच्या आत बसून दहा गोळ्या झाडून पुढच्या सेकंदाला कुजबुजत बोलणारी माणसं दिसली की मला आता बघवत नाही.

गुप्तहेराची गोष्ट म्हटली की सायलेन्सर आलाच. पिक्चरवाल्यांनी आपल्या डोक्यात बसवलंय की तो लावला की नुसतं 'फुट' होतं आणि शेजारच्या खोलीतला माणूस घोरतच राहतो. खरं काय आहे, की गोळीच्या आवाजाचे दोन-तीन वेगवेगळे भाग असतात. पहिला, नळीतून गरम गॅस एकदम बाहेर पडतो त्याचा धमाका. सायलेन्सर म्हणजे पुढे लावलेला कप्प्याकप्प्यांचा डबा, त्या कप्प्यांत गॅस अडतो, पसरतो, थोडा गार होतो आणि मग हळू बाहेर पडतो, त्यामुळे हा भाग कमी होतो. दुसरा भाग म्हणजे बुलेट आवाजापेक्षा वेगात जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा सणसणीत फटका बसतो, त्याचं सायलेन्सर काहीही करू शकत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, नेहमीची ९ एमएमची हलकी गोळी त्याच्या थोडी वर जाते, आर्चरसारख्या छोट्या पिस्तुलात बसणारी पॉइंट ३८० ची गोळी मात्र खाली राहते, सेकंदाला ३०० च्या आसपास. आणि तिसरं, बंदुकीचे लोखंडी भाग मागेपुढे आपटतात तो खडखडाट. सगळं मिळून सायलेन्सरने २० ते ३५ डेसिबल कमी होतात, म्हणजे १६० चे १३० झाले तरी ते खूपच मोठं आहे. फायदा एवढाच की कान वाचायची शक्यता वाढते आणि आवाज नेमका कुठून आला ते लांबच्या माणसाला पटकन कळत नाही.

याचा इतिहास मला फार भारी वाटतो. हायरम मॅक्झिम नावाच्या माणसाने १८८४ च्या सुमारास पहिली खरी मशीनगन बनवली, त्या मशीनगनीच्या आवाजाने म्हातारपणी तो स्वतः जवळपास बहिरा झाला, आणि त्याच्याच पोराने, हायरम पर्सी मॅक्झिमने, १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मग त्यावर नोंदणी आणि २०० डॉलरचा टॅक्स लावला, त्या काळात ही रक्कम म्हणजे सामान्य माणसाने विषयच सोडून द्यावा एवढी होती.

आता मोजदाद. आर्चरची एक सवय आहे की गोळीबार कितीही पेटलेला असो, तो समोरच्याने किती गोळ्या झाडल्या ते मनात मोजत असतो, समोरच्याकडे कुठली बंदूक आहे ते ओळखतो, तिच्या मॅगझिनमध्ये किती बसतात हे त्याला पाठ असतं, आणि आकडा पूर्ण झाला की आरामात उठून उभा राहतो. माणूस म्हणून तो बेजबाबदार आहे, दारू पितो, कामं टाळतो, पण हे गणित चुकवत नाही. विनोद त्यातूनच येतो.

मोजायचं काय ते सोपं आहे. रिव्हॉल्वरला गोल फिरणारा ड्रम असतो, बहुतेक वेळा सहा घरं, काहींना पाच, सात, आठ. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन जातं, त्यात स्प्रिंग असते, ती एकेक काडतूस वर ढकलते. आधीच एक काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत म्हणजे चेंबरमध्ये असेल आणि मॅगझिन पूर्ण भरलेलं असेल तर मॅगझिनच्या आकड्यापेक्षा एक जास्त, आणि हा जास्तीचा एकच मोजणाऱ्याला दगा देऊ शकतो. शेवटची गोळी सुटली की बहुतेक पिस्तुलांची वरची स्लाइड मागेच अडकून राहते, म्हणजे बंदूक रिकामी झाली हे लांबूनही दिसतं. पिक्चरमध्ये स्लाइड मागे अडकलेली असताना हिरो ट्रिगर ओढतो आणि 'टिक टिक' आवाज येतो, ते बहुतेक पिस्तुलांत होतच नाही, कारण त्या अवस्थेत ट्रिगर हॅमरला म्हणजे पिनवर आपटणाऱ्या हातोडीला सोडतच नाही.

ऑटोमॅटिक बंदुकीचं तर अजूनच. उझी नावाची इस्रायली सबमशीनगन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन, मिनिटाला साधारण ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला १०. तिचं मॅगझिन ३२ चं धरा. बोट दाबून ठेवलं तर सव्वातीन सेकंदात खल्लास. पडद्यावर जो व्हिलन दीड मिनिट गोळ्यांचा पाऊस पाडतो त्याला तेवढ्यासाठी जवळपास ९०० काडतुसं लागतील, ९ एमएमचं एक काडतूस १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसतं काडतुसांचंच वजन पावणेअकरा किलो, वर मॅगझिनांचं लोखंड वेगळं. ते त्याने ठेवलंय कुठे?

इथे मला कार्टून माध्यमाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते जी लोक सहसा बोलत नाहीत. खऱ्या शूटिंगमध्ये नट कानात प्लग घालून खोटी काडतुसं उडवतो किंवा नुसता हात हलवतो, आवाज आणि ठिणगी नंतर एडिटिंगमध्ये घालतात, मग किती वेळा घातली याचा हिशोब कोण ठेवतोय. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक गोळी कुणीतरी ठरवून काढलेली असते, उडणारी प्रत्येक केस, मागे जाणारी स्लाइड, सगळं. अपघाताने काही होतच नाही. म्हणून लेखकाने ठरवलं की सातव्या गोळीला मॅगझिन संपणार तर चित्रकाराला ते मोजूनच काढावं लागतं, आणि आर्चरच्या टीमने बंदुका नुसत्या काळ्या ठोकळ्यासारख्या न काढता ओळखू येतील अशा काढल्यात, जाणकार माणूस चित्र बघून मॉडेल सांगू शकतो.

तर मॉडेलकडे वळू. आर्चरची बंदूक म्हणजे वॉल्थर पीपीके, जर्मन, १९३१ च्या आसपासची, मुळात साध्या कपड्यातल्या पोलिसांसाठी म्हणून छोटी बनवलेली, कोटाखाली दिसू नये अशी. जेम्स बॉन्डची पण हीच, आर्चर हे सगळं बॉन्डचं विडंबन असल्यामुळे त्याच्या हातात दुसरी कुठली असणार. हिटलरने ३० एप्रिल १९४५ ला बर्लिनच्या बंकरमध्ये स्वतःवर झाडली ती पण पीपीके. छोटी असल्याचा तोटा म्हणजे गोळ्या कमी, पॉइंट ३२ ची असेल तर मॅगझिनमध्ये सात, पॉइंट ३८० ची असेल तर सहा. आर्चरला मोजायची सवय का लागली असेल ते यावरून कळतं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने फार छोट्या पिस्तुलांच्या आयातीवर बंदी आली त्यात ही अडकली, मग कंपनीने हिचाच वरचा भाग थोड्या मोठ्या मुठीवर बसवून पीपीके/एस काढली आणि नियमात बसवली.

पडद्यावर एवढी स्टायलिश दिसणारी ही बंदूक प्रत्यक्षात कधी दगा देऊ शकते याचं एक खरं उदाहरण आहे. २० मार्च १९७४ ला लंडनमध्ये राजकन्या अ‍ॅनच्या गाडीवर एका बंदूकधाऱ्याने हल्ला केला, तिचा बॉडीगार्ड जेम्स बीटन पीपीके घेऊन उतरला, त्याची पहिली गोळी चुकली आणि मग बंदूक जॅमच झाली. रिकाम्या हाताने तो मधे उभा राहिला, तीन गोळ्या खाल्ल्या, वाचला, आणि त्याला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला. त्यानंतर ब्रिटिश पोलिसांनी या कामासाठी पीपीके वापरणं बंद केलं.

लानाची गोष्ट वेगळी. ती दोन्ही खांद्यांखाली एकेक टेक-९ लटकवते आणि दोन्ही हातांनी एकदम झाडते, तिचे हात मोठे आहेत यावरून आर्चर तिला सारखा चिडवतो. टेक-९ चा इतिहास जरा काळा आहे आणि तो माहीत असला पाहिजे. स्वीडनच्या एका कंपनीसाठी जॉर्ज केलग्रेनने सैन्याला विकायची स्वस्त सबमशीनगन म्हणून डिझाइन केली, कुठलंच सैन्य घेईना, मग ती अमेरिकेत मायामीला आणून एकेक गोळी झाडणारं पिस्तूल म्हणून सामान्य लोकांना विकायला काढली. पहिलं मॉडेल थोड्या कारागिरीने फुल ऑटोमॅटिक करता येतं हे लक्षात आल्यावर १९८२ ला सरकारने ते थांबवलं, मग आतली रचना बदलून परत बाजारात. स्वस्त, दिसायला भीतीदायक, ३२ गोळ्यांचं लांब मॅगझिन सर्रास मिळणार, त्यामुळे गुन्हेगारांत चांगलीच चालली. १ जुलै १९९३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये हत्याकांड झालं त्यात हीच होती. १९९४ ला अमेरिकी सरकारने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर जी बंदी घातली तिच्या यादीत हिचं नावच घातलं. कंपनीने काय केलं, तर थोडे भाग कमी करून एबी-१० नावाने तीच बंदूक परत काढली, एबी म्हणजे आफ्टर बॅन, इतका उघड कारभार. २० एप्रिल १९९९ ला कोलंबाईन शाळेत दोन पोरांनी जो गोळीबार केला त्यातही याच कुटुंबातली बंदूक होती. २००१ ला कंपनी बंद झाली आणि २००४ ला ती बंदीही मुदत संपून गेली.

आणि इथेच सिरीज आपलं गणित सोडून देते, ते पण सांगायला हवं. दोन हातांत दोन टेक-९ घेऊन कुणीही नीट नेम धरू शकत नाही. रिकामी असतानाच एकेक किलोच्या वर, ३२ गोळ्या भरल्या की अजून जड, दोन्ही बंदुकांच्या साइट्स म्हणजे नेम धरायच्या खुणा एकदम डोळ्यासमोर येऊ शकत नाहीत, आणि गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायला तिसरा हात लागतो. ते दिसतं भारी म्हणून आहे, बाकी काही नाही. आपल्याकडच्या कायद्याचं विचाराल तर ९ एमएम हा आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर म्हणजे मनाई असलेली जाडी, सामान्य माणसाला साध्या लायसन्सवर मिळतच नाही, म्हणून लायसन्सवाल्यांकडे बहुतेक पॉइंट ३२ दिसतं.

आता माझा सगळ्यात आवडता एपिसोड, पहिल्या सीझनचा 'स्कायटॅनिक', २०१० चा. एक्सेल्सिअर नावाचं भलंमोठं एअरशिप, म्हणजे हलक्या गॅसवर तरंगणारं लांबट फुग्यासारखं हवाई जहाज, त्यावर बॉम्बची धमकी, आर्चर आणि कंपनी वर चढलेली. आर्चरच्या डोक्यात पक्कं बसलंय की एअरशिप म्हणजे हायड्रोजन, एक ठिणगी आणि सगळे जळून खाक. कॅप्टन सांगतो, लाना सांगते, परत परत सांगतात की बाबा यात हेलियम आहे, हेलियम जळत नाही, तरी हा प्रत्येक सिगरेटला आणि प्रत्येक बंदुकीला घाबरून ओरडतोय. आर्चरची भीती आली कुठून तर ६ मे १९३७ च्या हिंडेनबर्गच्या अपघातातून, न्यू जर्सीत लेकहर्स्टला उतरताना ते जर्मन एअरशिप पेटलं आणि ३६ माणसं गेली. त्यात हायड्रोजन होता कारण हेलियम तेव्हा जवळपास फक्त अमेरिकेकडे होता आणि तो बाहेर विकायला बंदी होती. (हा तोच हेलियम ज्याच्या नावाने आपल्या विजयदुर्गावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिवस करतात.)

पण यातला खरा मजेचा भाग असा की हायड्रोजनने भरलेलं एअरशिपसुद्धा साध्या गोळीने पेटत नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून जर्मन एअरशिप लंडनवर बॉम्ब टाकत होती आणि ब्रिटिश पायलट वर जाऊन त्यांना गोळ्या मारत होते, काही होईना. का, तर त्या आतल्या गॅसच्या पिशव्या ट्यूबसारख्या टम्म फुगवलेल्या नसतात, आतला दाब बाहेरच्या हवेएवढाच असतो जवळपास, मग गोळीने बोटाएवढं भोक पडलं तरी गॅस सावकाश झिरपतो, आणि लाखो घनफूट गॅसमध्ये अशी पाचपन्नास भोकं म्हणजे काहीच नाही. शिवाय शुद्ध हायड्रोजन एकटा जळत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन मिसळलेला लागतो. मग ब्रिटिशांनी युक्ती काढली, काही गोळ्या फुटणाऱ्या, म्हणजे पिशवी फाडून गॅस आणि हवा एकत्र करणाऱ्या, आणि काही पेटणाऱ्या, अशी मिसळ मशीनगनच्या एकाच ड्रममध्ये म्हणजे गोल मॅगझिनमध्ये भरली. २ आणि ३ सप्टेंबर १९१६ च्या मधल्या रात्री लीफ रॉबिन्सन नावाच्या तरुण पायलटने एसएल ११ या एअरशिपवर असे तीन ड्रम रिकामे केले, पहिल्या दोनांनी काही नाही, तिसरा त्याने एकाच जागी धरून झाडला आणि ते पेटलं, लंडनच्या उत्तरेला कफलीला पडलं. ब्रिटनच्या जमिनीवर पाडलेलं पहिलं जर्मन एअरशिप, रॉबिन्सनला व्हिक्टोरिया क्रॉस. म्हणजे हेलियमवाल्या एक्सेल्सिअरवर आर्चरने पूर्ण मॅगझिन जरी छताला मारलं असतं तरी ते दिवसभर आरामात उडत राहिलं असतं, खाली माणसांना लागली असती तेवढीच.

आणि माणसांना लागते हे या सिरीजमध्ये कोणी विसरत नाही. ऑफिसमध्ये ब्रेट नावाचा एक बिचारा कर्मचारी आहे, त्याचा कुणाशी काही संबंध नाही, पण ऑफिसात कुणाचीही बंदूक उडाली की ती गोळी येऊन यालाच लागते, परत परत, एपिसोडमागून एपिसोड. लोक हसतात, मी पण हसतो, पण मला वाटतं अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात खरा माणूस ब्रेट आहे. गोळीला नाव माहीत नसतं. अमेरिकेतल्या ऑफिस-घरांच्या आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या असतात, पिस्तुलाची गोळी अशा दोनचार भिंती सहज पार करून तिसऱ्या खोलीत जाते. आपल्या विटेच्या भिंतीत ती सहसा अडकते, पण काँक्रीटला तिरकी घासली तर उडून भलतीकडे, आणि उडालेली गोळी बऱ्याचदा भिंतीला किंवा जमिनीला चिकटूनच पुढे पळते, त्यामुळे भिंतीला पाठ लावून उभं राहणं हे सुरक्षित वाटतं तेवढं नसतं. हवेत मारलेली गोळी पण खाली येतेच, पडताना तिचा वेग सुटतानाएवढा नसतो पण डोक्यात शिरायला पुरतो. लग्नात, मिरवणुकीत हौसेने हवेत गोळ्या झाडण्यावर आपल्याकडे २०१९ च्या कायदा दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, आणि ते ठेवलं हे उत्तमच केलं, कारण अशा प्रत्येक हौशी गोळीच्या दुसऱ्या टोकाला कुठलातरी ब्रेट उभा असतो, गच्चीवर, गॅलरीत, जेवणाच्या पंगतीत. ब्रेट शेवटी २०१४ ला पाचव्या सीझनच्या सुरुवातीला एफबीआयच्या धाडीत गोळी लागून मरतो.

पडद्यावरचं अजून एक मोठं खोटं म्हणजे खांद्याला लागली, रुमाल बांधला, हिरो पळाला. खांद्यात मोठी रक्तवाहिनी असते, हाताला जाणाऱ्या नसांचा गुंता असतो, हाडं असतात, तिथे गोळी लागलेला माणूस हात कायमचा गमावू शकतो किंवा काही मिनिटांत रक्त जाऊन मरू शकतो. आर्चर स्वतः अनेकदा गोळ्या खातो आणि बऱ्याचदा कॉमेडीच्या सोयीने उठतोही, तिथे मी सिरीजची बाजू घेणार नाही. पण २०१६ ला सातव्या सीझनच्या शेवटी तो गोळ्या लागून स्विमिंग पूलमध्ये पडतो, आणि मग लेखकांनी जे केलं ते करायला धाडस लागतं. त्याला कोमात टाकला आणि पुढचे तीन सीझन, २०१७ ते २०१९, पूर्ण त्याच्या बेशुद्ध डोक्यातली स्वप्नं म्हणून दाखवले, एक जुन्या डिटेक्टिव्ह कथांसारखा, एक बेटावरचा, एक अंतराळातला. प्रेक्षक चिडले, बऱ्याच जणांनी बघणं सोडलं. २०२० ला अकराव्या सीझनमध्ये तो तीन वर्षांनी शुद्धीवर येतो तेव्हा अंग गळालेलं, पाय साथ देत नाहीत, हातात काठी, जी मारामारी तो झोपेत करायचा ती आता जमत नाही. इतके दिवस पडून राहिल्यावर स्नायू झडतात, तोल जातो, परत चालायला शिकावं लागतं, आयसीयूतून आलेल्या कुणाच्याही घरच्यांना विचारा. आणि त्याहून वाईट त्याच्यासाठी हे की ऑफिसात त्याच्या मागे सगळे त्याच्याशिवाय नीट, वेळेवर आणि एकमेकांवर गोळ्या न झाडता काम करायला शिकलेले असतात.